गाव वर, नदी खाली : सतलज आणि स्पितीच्या घळईतून सायकलने शिमला ते मनाली

हिमाचलातल्या स्पितीला सायकलने जायचं ठरवलं की बहुतेक जण आधी कागदावर किलोमीटर मांडतात. पहिल्या वेळी मीही तेच केलं. सतलजच्या काठावरच्या ज्यूरी गावाला जेवायच्या वेळेला पोचलो, वरचं मुक्कामाचं सराहन अवघं १७ किमी उरलं होतं. म्हटलं, तासा-दीड तासात पोचू. त्या १७ किमीला सव्वातीन तास लागले, आणि शेवटचे तीन किमी सायकल ढकलत नेली.

सतलजने इथे डोंगर इतका खोल कापलाय की तळाशी माणसाला राहायला फारशी जागाच उरलेली नाही. रस्ता नदीच्या अंगाने जातो. गावं, शेतं, सफरचंदाच्या बागा, देवळं मात्र वरच्या टप्प्यांवर. सराहन, कल्पा, नाको, धनकर या चारही मुक्कामांना दिवसभराचा सगळ्यात मोठा चढ शेवटी येतो, पाय भरून आलेले असताना. त्यामुळे या वाटेवरचा दिवस अंतरावर मोजू नका, चढावर मोजा, आणि सगळ्यात जास्त ताकद शेवटच्या दोन तासांसाठी राखा. हे एकदा मनात बसलं की सायकल, गिअर, खाणं, निघायची वेळ हे सगळे निर्णय आपोआप बदलतात.

वाट अशी: शिमला, नारकंडा, रामपूर, सराहन, कल्पा, नाको, ताबो, धनकर, काझा, लोसर, कुंझुम, छत्रू, रोहतांग, मनाली. अंतर साधारण ६५० ते ७०० किमी. विश्रांतीचे दिवस धरून १५-१६ दिवस, आणि त्यावर दोन-तीन दिवस राखीव.

शिमल्याहूनच का सुरू करायचं

मनालीहून निघालात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही कुंझुम खिंडीत, म्हणजे ४,५५० मीटरच्या आसपास असता. शरीराला तेवढ्यात विरळ हवेची सवय होत नाही. शिमल्याकडून गेलं की उंची हळूहळू वाढते. शिमला २,२०० मीटर, रामपूर तर हजाराच्या आसपास, मग सराहन, मग कल्पा २,९०० च्या पुढे, नाको ३,६६०, पुन्हा खाली ताबो ३,२८०, मग काझा ३,६५०. नाकोला एक रात्र काढून ताबोला खाली उतरायचं, ही तर निसर्गाने आखून दिलेली सवय आहे. कुंझुम येईपर्यंत आठवडाभर तुम्ही तीन हजारांच्या वर वावरलेले असता. मनालीहून उलट जाणारेही सुखरूप पोचतात, पण त्यांच्यातल्या अनेकांचे पहिले चार दिवस डोकं धरून बसण्यात जातात. हा रस्ता तसा बघण्याचा नाही.

कधी जायचं

जुलै-ऑगस्ट विसरा. स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस कमी, पण तिथवर पोचायला सतलजचा खालचा पट्टा ओलांडावा लागतो आणि पावसाळ्यात तो पट्टा जागोजागी सुटतो. ११ ऑगस्ट २०२१ ला किन्नौरमध्ये निगुलसारीजवळ रस्त्यावर दरड कोसळली आणि एका प्रवासी बससह काही वाहनं तिच्याखाली गेली. २८ माणसं गेली. तुमची वाट त्याच जागेवरून जाते.

जून चांगला, फक्त कुंझुम उघडलाय का हे काझ्यात खात्री करून पुढे जायचं. त्या दिवसांत बर्फ वितळत असल्यामुळे नाल्यांना पाणीही जोरात असतं. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. गणपती लवकर आले असतील तर विसर्जन उरकून निघा. आकाश धुतल्यासारखं निळं, नाले ओसरलेले, किन्नौरमध्ये सफरचंदांची तोडणी चाललेली. मात्र त्याच दिवसांत अवेळी बर्फही पडतो. सप्टेंबर २०१८ मध्ये तीन दिवसांच्या बर्फाने लाहौल-स्पितीत शेकडो माणसं अडकून पडली होती. राखीव दिवस म्हणतोय ते यासाठी. परतीचं तिकीट एकही दिवस हाताशी न ठेवता काढलेला माणूस खराब हवेतही खिंड चढायला निघतो, हे मी पाहिलंय.

सह्याद्रीत करायची तयारी

आपल्याकडे विरळ हवेचा सराव होऊच शकत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सह्याद्रीचं सगळ्यात उंच टोकही शिमल्याच्या खाली आहे. करता येतो तो लांब चढाचा आणि वजनाचा सराव. त्याला पोलादपूर ते महाबळेश्वर, म्हणजे आंबेनळी घाट, याच्याइतकी चांगली जागा नाही. जवळजवळ समुद्रसपाटीवरून साडेतेराशे मीटरपर्यंत सलग चढ. पुणेकरांना सिंहगड आहे, पसरणी घाट आहे. नाशिक-ठाण्याकडे कसारा, कोकणात आंबोली.

तीन महिने आधी सुरुवात करा. पहिला महिना नुसता वेळ वाढवा, आठवड्याच्या सुट्टीला चार-पाच तास सीटवर. दुसऱ्या महिन्यात घाट. तिसऱ्या महिन्यात सायकलला खरं सामान बांधून सलग दोन दिवस घाट, आणि जमलं तर तिसऱ्या दिवशीही. एका दिवसात २०० किमी मारणारा माणूस इथे दुसऱ्या आठवड्यात ढेपाळू शकतो, कारण ही वाट रोज सकाळी उठून पुन्हा पाय हलवायला लावते. सरावात शेवटच्या चढापर्यंत पाय ताजे ठेवायला शिका. सकाळी सपाटीवर जोर लावून मित्रांना मागे टाकण्याची सवय घाटातच मोडून टाका.

सायकल आणि गिअर

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेकांचे हाल इथेच ठरतात.

एमटीबी (डोंगरी वाटांची सायकल) किंवा रुंद टायर बसणारी ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची) सायकल घ्या. टायर किमान ४५ मिमी, दोन इंची असेल तर उत्तम. कुंझुमच्या पलीकडे रस्ता म्हणजे मुठीएवढ्या गोट्यांचा थर असतो, तिथे बारीक टायर तुमचे मनगट आणि रिम दोन्ही तोडतो.

सगळ्यात हलका गिअर एकास एकपेक्षा कमी हवा. हिशेब असा: पुढे ३४ दाते आणि मागे ३४ असतील, तर मिनिटाला साठ पॅडल मारताना वेग साधारण पावणेआठ किमी येतो. सात टक्के चढावर, सामानासकट ९५ किलोचा भार घेऊन तो वेग टिकवायला नुसतं वजन वर उचलण्यातच १४० वॉट लागतात. चार हजार मीटरवर हे तासभरही झेपत नाही. पुढे २६ आणि मागे ३६ असेल तर त्याच पॅडलवर वेग साडेपाच किमी, आणि गरज शंभर वॉटच्या आसपास. हळू, पण दिवसभर चालणारं. तुमच्या सायकलला एवढा हलका गिअर नसेल तर पुढची चकती किंवा मागची कॅसेट (दात्यांच्या चकत्यांचा संच) बदलून घ्या. महागडे कपडे घेण्याआधी हा खर्च करा.

ब्रेक डिस्कचेच, आणि निघताना नवे पॅड. शिवाय दोन जोड्या सोबत. आरे सारखे करून घ्या, हब (चाकाचा मधला फिरणारा भाग) उघडून ग्रीस भरून घ्या. सुटे भाग म्हणून तीन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा, चेनचे दोन क्विक लिंक, चेन तोडायचं हत्यार, चार-पाच आरे, गिअरची एक केबल, कॅरिअरचे जास्तीचे बोल्ट, झिप टाय, पंप. आणि तुमच्याच सायकलच्या मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो. हा अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि वाटेत कुठेही मिळत नाही. स्पिलोच्या पुढे माझी सायकल उभ्या उभ्या उजव्या अंगावर पडली आणि हँगर तुटला. दीडशे ग्रॅमही वजन नसलेली वस्तू घरी ठेवली होती. चेन लहान करून एकाच गिअरवर पुढच्या गावापर्यंत गेलो आणि तिथून बसच्या टपावर सायकल टाकून मागे रिकाँग पिओला यावं लागलं.

सामान १२ किलोच्या आत बसवा. तंबू न नेताही ही वाट होते, कारण छत्रू-बातलपर्यंत ढाब्यात झोपायला रजई मिळते. स्लीपिंग बॅग मात्र न्याच. कपडे थरांमध्ये: अंगाला चिकटणारा एक थर, वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि थांबल्यावर घालायला पिसांचं जॅकेट. पूर्ण बोटांचे हातमोजे दोन जोड. चष्मा गडद आणि बाजूने बंद, कारण धूळ आणि ऊन दोन्ही डोळ्यांत जातात. ओठांना मलम.

खाण्यासाठी घरून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि मिठाचे-साखरेचे पुडे घ्या. उंचीवर भूक मरते, गोड बाजारी बार घशाखाली उतरत नाहीत. चिक्की उतरते.

पोचायचं कसं, कागद कोणते

मुंबई-पुण्याहून रेल्वेने अंबाला किंवा कालका-चंदीगड. सायकल खोक्यात बांधून पार्सल ऑफिसात एक दिवस आधी द्या. पॅडल काढा, हँडलबार वळवून बांधा, डिरेलर काढून चौकटीच्या आत फडक्यात गुंडाळा, डिस्कच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. खोक्याच्या दोन्ही बाजूंना नाव-पत्ता. कालक्याहून शिमल्याची १९०३ ची छोटी गाडी सुंदर आहे, पण तिच्यात सायकलला जागा नाही. टॅक्सीने जा. तो ९० किमीचा, बराचसा चौपदरी रस्ता सायकलने करण्यात धुराशिवाय काही नाही.

भारतीय नागरिकांना या वाटेवर वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. सुमदोच्या चौकीवर नोंद होते. परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्या मंडळींना मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, पिओ ते काझा या पट्ट्यासाठी संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो. तो शिमला, रिकाँग पिओ किंवा काझा इथे निघतो. शिमल्यातच काढून टाका. रोख पैसे शिमल्यातून भरपूर घ्या. एटीएम पिओ आणि काझ्यात आहे, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि रोजचा मुक्काम कोणता हे घरी एका माणसाला ठाऊक असू द्या. आपण कळवलं नाही तर किती तासांनी काळजी करायची, हेही त्याला सांगून ठेवा. फोन लागत नाही म्हणून पहिल्याच संध्याकाळी घरात रडारड नको.

टप्पे

पहिले दोन दिवस पायांची ओळख करून घेण्याचे. शिमला ते नारकंडा सुमारे ६२ किमी, चढ-उतार सतत, ठियोगपर्यंत गर्दी. पहाटे साडेपाचला निघालात तर बाजारपेठा उघडण्याआधी बाहेर पडता. नारकंडा २,७०० मीटरवर, रात्री थंडी. दुसऱ्या दिवशी मोठा उतार सैंजपर्यंत आणि तिथे पहिल्यांदा सतलज दिसते, राखाडी, गढूळ, वेगात. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दाबा, वळणात सोडा, दर पाच-सहा किमीला थांबून डिस्क थंड होऊ द्या. रामपूरला पोचाल तेव्हा उकडेल. हजार मीटरवर, घळईच्या तळाशी, दगड तापलेले. जूनमध्ये तर दुपारी रामपुरात सायकल चालवणं म्हणजे तव्यावर चालणं.

तिसरा दिवस रामपूर ते ज्यूरी आणि वर सराहन, मिळून ४० किमी. अंतर पाहून हसू नका. ज्यूरीला सकाळी नऊच्या आत पोचा, पोटभर खा, दोन बाटल्या भरा आणि मग चढाला लागा. सराहनला भीमाकालीचं लाकूड आणि दगडाच्या आडव्या थरांनी बांधलेलं देऊळ आहे. लाकडाच्या त्या थरांमुळे अशा भिंती भूकंपात लवचीक राहतात, आणि १९७५ चा किन्नौरचा भूकंप पाहिलेल्या मुलखात हे शहाणपण किती मोलाचं, हे भिंतीला हात लावल्यावर कळतं.

चौथ्या दिवसापासून खरी घळई सुरू होते. ज्यूरी सोडलं की रस्ता कड्यात खोदलेला आहे, डोक्यावर अर्धं छत आल्यासारखा दगड. तरंडा देवीच्या देवळापाशी बस-ट्रकचे चालक थांबून हात जोडतात. तुम्हीही थांबा, पाणी प्या. इथे वांगतूपर्यंत दरी तुमच्या डाव्या हाताला असते, म्हणजे आपण ज्या बाजूने चालतो त्याच बाजूला. म्हणून आंधळ्या वळणावर काठाला चिकटू नका, रस्त्याच्या मध्याकडे या, दिसाल असे या. मागून बस आली आणि जागा कमी असली तर डोंगराच्या बाजूला जाऊन पाय टेकवा. दरीच्या बाजूला कधीही उभं राहू नका.

दरडीच्या पट्ट्यातले नियम मी प्रत्येक सोबत्याकडून निघण्याआधी म्हणवून घेतो. पाटी दिसली किंवा रस्त्यावर ताजे, कोरडे, टोकदार दगड पडलेले दिसले की आधी अलीकडे थांबायचं. कानातले हेडफोन काढायचे. वर दोन मिनिटं पाहायचं: धूळ उडतेय का, शेळ्या-मेंढ्या चरतायत का. वरच्या कळपाच्या खुरांनी सुटलेला नारळाएवढा दगड खाली येईपर्यंत गोळी झालेला असतो. मग एकेकाने, अंतर ठेवून, न थांबता पार व्हायचं. फोटो पलीकडे गेल्यावर. सावली म्हणून कड्याखाली बसायचं नाही. रस्त्यावरच्या कामगारांनी शिटी मारली तर वाद न घालता थांबायचं, वर सुरुंग लावलेला असू शकतो. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर सकाळी निघायचंच नाही, ऊन पडून निदान अर्धा दिवस जाऊ द्यायचा.

आणखी एक. नाथपा-झाकडी प्रकल्पात नदीचं पाणी २७ किमी लांबीच्या बोगद्यातून वळवलंय, त्यामुळे नाथप्याच्या खाली पात्र कधीकधी अगदी कोरडं, बोलावणारं दिसतं. पाय धुवायलाही उतरू नका. धरणातून पाणी सुटलं की पात्र काही मिनिटांत भरतं.

टापरीला मुक्काम करून पाचव्या दिवशी करछम, पोवारी, रिकाँग पिओ आणि वर कल्पा. पोवारीपासून कल्प्यापर्यंत सलग चढ, तोही दिवसाच्या शेवटी. सहावा दिवस कल्प्यात विश्रांती. समोर किन्नर कैलास, गावात सफरचंदं आणि चिलगोजे. चेन पुसा, कपडे धुवा, चार-पाच किमी पायी फिरा. इथे आळसाला जागा द्या, पण दिवसभर झोपू नका, झोपलेल्या शरीराला उंचीची सवय हळू होते.

सातव्या दिवशी पिओच्या पुढे गेलं की देवदार मागे राहतात, मग चिलगोज्याची झाडंही, आणि दुपारपर्यंत नुसता उघडा दगड. पूहपर्यंत ६५ किमीच्या आसपास. इथून पुढे घड्याळ महत्त्वाचं. दरी तापली की वारा सुटतो. दुपारी बारानंतर तो घळईतून वर चढतो, पण घळईला वळणं इतकी की कधी पाठीला, कधी थेट छातीवर, आणि सोबत वाळू. बाराच्या आत मुक्कामाजवळ पोचा. त्यासाठी साडेपाचला पॅडलवर पाय हवा.

खाबचा पूल हा या सगळ्या प्रवासाचा मध्यबिंदू आहे. शिपकी ला या खिंडीकडून येणारी सतलज आणि उत्तरेकडून येणारी स्पिती इथे एकमेकींना मिळतात. दोघींचा रंग वेगळा, आणि काही अंतर तो वेगळाच राहतो. पुलावर उभं राहून मान वर केली की तिकडे रिओ पुरग्यिल, ६,८१६ मीटर, हिमाचलातलं सगळ्यात उंच शिखर. नदी आणि शिखर यांच्या उंचीत चार किलोमीटरहून जास्त फरक. शिखर नेहमी पुलावरून दिसेलच असं नाही, पण आपण कशाच्या पायथ्याशी उभे आहोत हे ठाऊक असावं. सतलज हिमालय उभा राहण्याआधीपासून वाहत होती असं भूशास्त्र सांगतं. डोंगर वर येत गेला, ती कापत गेली. मी त्या पुलावर पहिल्यांदा अर्धा तास बसलो होतो, आणि सोबत्यांनी घाई केली नाही याचे आभार अजून मानतो.

पुलापासून लगेच ‘का’ नावाच्या गावाचे वळसे सुरू होतात. नाकोपर्यंत हजार मीटरहून जास्त चढ. हा दिवस वेगळा ठेवला आहे तो यासाठीच. सगळ्यात हलका गिअर, पाऊण तास चालवा, पाच मिनिटं थांबा, दर थांब्याला दोन घास. पाणी तीन लिटर, कारण वळशांवर झरा नाही. श्वास नाकाने घेता येत नसेल तर वेग जास्त झालाय एवढं साधं माप.

नाको सोडल्यावर मलिंगचा घसरडा पट्टा येतो. वरून माती आणि पाणी एकत्र येतं. सकाळी सातच्या आत पार करा. रात्रीच्या थंडीने वरचं वितळणं थांबलेलं असतं, म्हणून पाणी सगळ्यात कमी सकाळी असतं. पुढे चांगोपर्यंत उतार, मग सुमदोची चौकी आणि तिथून स्पिती. दरी रुंद होते, दोन्ही बाजूंना मातीचे सुळके, पावसाने कोरलेल्या भिंती. नाको ते ताबो ६५ किमी. ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा, बाहेरून मातीचा साधा ढीग वाटतो आणि आत भिंतभर चित्रं आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहा.

ताबो ते धनकर ३० किमीच्या आसपास, त्यातले शेवटचे आठ शिचलिंगपासून उभे. टाळण्याचा मोह होईल, टाळू नका. वरून पिन आणि स्पितीचा संगम दिसतो, आणि आपण आलेला सगळा रस्ता नखाएवढा. दुसऱ्या दिवशी काझा, जवळजवळ सपाट. काझ्यात एक पूर्ण दिवस थांबा. इथे सरकारी रुग्णालय आहे, बाजार आहे, पुढच्या रस्त्याची ताजी बातमी आहे.

उंचीचं दुखणं

तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर हजार मीटरला एक दिवस थांबावं, हा जगभर मानला जाणारा नियम. नाकोचा मुक्काम या नियमात बसत नाही, म्हणून तिथे जास्त जपा. कुंझुमवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्के असतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिले इशारे. अशा वेळी पुढे चढायचं नाही, तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला आला, किंवा सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालता येईना, तर रात्र असो की पाऊस, माणसाला गाडीत घालून खाली उतरवायचं. उद्या सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. उंचीच्या त्रासावरची अॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर. आपल्याकडे त्रास लपवायची सवय आहे, ग्रुपला आपल्यामुळे थांबावं लागू नये म्हणून. म्हणून रोज संध्याकाळी जेवताना प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, डोकं दुखतंय का, जेवण गेलं का. उष्टं ताट खरं बोलतं.

शेवटचा पट्टा

काझ्याहून लोसरला खालच्या रस्त्याने ५८ किमी. पाय साथ देत असतील तर ‘की’ आणि किब्बर या गावांवरून, चिचमच्या पुलावरून जा. चिचमचा पूल २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी गावकरी त्या घळईवरून दोराच्या पाळण्यात बसून ये-जा करत. पुलाच्या कठड्यावरून खाली पाहिल्यावर तो पाळणा आठवून पोटात गोळा येतो.

लोसर चार हजारांच्या वर. सप्टेंबरअखेरीस रात्री पाणी गोठतं, बाटल्या पांघरुणात घ्या. पहाटे निघून १९ किमीवर कुंझुम. चढ फार उभा नाही, हवाच नाही. कुंझुम मातेच्या देवळाला स्थानिक गाड्या प्रदक्षिणा घालतात, आपणही सायकल घेऊन घालावी. तिथे वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, घाम गार होतो.

पलीकडे बातलपर्यंत उतार, पण तो उतार चढापेक्षा अवघड. टायरमधली हवा थोडी कमी करा, सीटवरून उठून उभे राहा, गुडघे आणि कोपर सैल, बोटं ब्रेकवर, नजर पंधरा फूट पुढे. चाकाखालच्या दगडाकडे पाहिलंत तर त्याच्यावरच जाल. बातल ते छत्रू ३२ किमीला मला सहा तास लागतात. मध्ये नाले रस्त्यावरूनच वाहतात. बुटांसकट उतरा, मोजे काढून सुके ठेवा, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा म्हणजे ती तुमच्यावर येणार नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर पलीकडच्या गाडीची वाट पाहा. बातलला दुपारी पोचलात तर तिथेच राहा आणि हे नाले दुसऱ्या दिवशी पहाटे ओलांडा.

छत्रूहून ग्राम्फू, आणि तिथून रोहतांगचा १५ किमी चढ, ३,९७८ मीटरपर्यंत. हवा बिघडली असेल तर हट्ट सोडा. कोकसरला उतरून सायकल पिकअपमध्ये टाका आणि ९ किमीच्या अटल बोगद्यातून मनालीला जा. हवा चांगली असेल तर चढा, आणि खाली उतरण्याआधी ब्रेकचे नवे पॅड बसवा. ५१ किमीत जवळजवळ दोन हजार मीटर उतार आहे, आणि दोन आठवड्यांची धूळ खाल्लेले जुने पॅड उतारावरच्या मढीपर्यंतही पुरत नाहीत.

मनालीत पहिल्या संध्याकाळी काही करू नका. दुसऱ्या दिवशी सायकल धुवून घ्या, हबमध्ये गेलेली स्पितीची पिठासारखी माती पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने आत ढकलू नका, ओल्या फडक्याने पुसा. सायकलच्या दुकानात पुठ्ठ्याचं खोकं मिळतं. दिल्ली किंवा चंदीगडच्या रात्रीच्या बसच्या डिक्कीत सायकल जाते, भाडं आधी ठरवा, आणि डिरेलर वरच्या बाजूला येईल अशी ती स्वतःच्या हाताने आडवी ठेवा.